शेतघरासाठी १२ बोअरची छऱ्यांची बंदूक: दुनळी की पंप?

प्रश्न: शेतावर आई-वडील दोघेच राहतात. शस्त्र परवाना वडिलांच्या नावावर मंजूर झालाय. एक जुनी दुनळी (दोन नळ्यांची) विकाऊ आहे, नाहीतर नवीन पंप ॲक्शन (पुढची पकड मागे-पुढे ओढून पुढचं काडतूस भरणारी). काय घ्यावं?

उत्तर १: वडिलांसाठी दुनळीच. मोडली, म्हणजे बिजागरीवर उघडली, की दोन्ही काडतुसं समोर दिसतात, भरलेली की रिकामी हा प्रश्नच उरत नाही. पंपात घाबरलेला माणूस पुढची पकड पूर्ण मागे ओढत नाही, मग रिकामं काडतूस आत अडकतं. जुनी घेताना पुढची लाकडी पकड काढून नळ्या हलवून बघा. बिजागरीत खडखड असेल तर सोडून द्या. नळीच्या बुडाखालचे शिक्के वाचा. चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) ६५ मिमीचं असेल तर ७० मिमीचं काडतूस बसतं खरं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब धोकादायक वाढतो.

उत्तर २: खोलीत ५ मीटरवर छर्रे जेमतेम मुठीएवढेच पसरतात, त्यामुळे नेम धरावाच लागतो. दस्त्याची (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची) लांबीही तपासा: दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवून बोट चापापर्यंत सहज पोचलं पाहिजे.

उत्तर ३: पावसाळ्यात कागदी काडतुसं फुगतात, प्लॅस्टिकचीच घ्या. बंदूक रिकामी, कुलपात. काडतुसं वेगळ्या कुलपात. आणि परवान्यावर नाव वडिलांचं आहे, म्हणून बंदूक त्यांनीच हाताळायची, तुम्ही नाही.