मदत हवी आहे: जुने कंदील भपकतात, चवथीच्या आत सुरक्षित कसे करू?

सत्तरीतला_पाहुणा
चवथ (गणेशचतुर्थी) आठ दिवसांवर आली. यंदा सगळं कुटुंब गोव्यात वाळपईजवळच्या मूळ घरी जमणार, लहानमोठी मिळून तेवीस माणसं. पावसात फांदी पडली की लाईट गेलीच, कधी दोन तास, कधी रात्रभर. म्हणून माळ्यावरचे जुने कंदील उतरवले. काल एक लावून बघितला तर भरपूर काजळी, आणि मधेच ‘भप’ असा आवाज होऊन ज्योत काचेच्या वर आली. बायको म्हणते हे घरात नकोत, आजी म्हणते कंदिलाशिवाय चवथ नाही. दोघींच्या मधे मी. हे सुरक्षित करायला काय करावं? बाहेरून बारीक तारेची जाळी बसवली तर चालेल का? लवकर सांगा, परवा पणजीला परत जायचंय.

एलईडी घ्या म्हणून सांगू नका, प्लीज.

सौरऊर्जा_हवी
एलईडी घ्या. चिडू नका, पण तेवीस माणसांच्या घरात उघडी ज्योत कशाला? आम्ही गेल्या वर्षी छपरावर पॅनेल बसवलं, बॅटरीवर चार पंखे आणि बारा दिवे रात्रभर चालतात. बॅटरी किती अँपिअरची घ्यायची ते हवं असल्यास सांगतो. लेड-ॲसिड घेऊ नका, लिथियमच घ्या.

सत्तरीतला_पाहुणा
शेवटची ओळ वाचली नाहीत का?

बत्तीवाला
जाळीचं राहू दे. आधी हे सांग: कंदील म्हणजे नक्की कुठला? दोन बाजूंना नळ्या असलेला, हातात धरून फिरायचा? की उंच काचेचा टेबलावरचा? की नुसती चिमणी? वात किती रुंद? ज्योतीला टोकं येतात का? भरतोस काय? आणि ठेवणार कुठे? ‘भपकतो’ एवढ्यावरून काही सांगता येत नाही. ताप आला म्हणून डॉक्टरला फोन करायचा आणि पेशंट माणूस की बैल ते सांगायचं नाही, तसं झालं हे.

माडाची_सावली
काजळीवर एकदम सोपा उपाय. आमची आजी कंदिलाच्या टाकीत चिमूटभर जाडं मीठ टाकायची. ज्योत स्वच्छ, धूर नाही. म्हापशाला आमच्या घरी अजून तसंच करतो.

कुळागरवाला
ताई, रॉकेलमध्ये मीठ विरघळतच नाही. तळाशी बसतं आणि टाकी पत्र्याची असेल तर गंज धरतं. तुमच्या आजीची ज्योत स्वच्छ होती कारण ती रोज वात कापत असणार.

माडाची_सावली
आमच्या आजीचा कंदील साठ वर्षं टिकला. तुमचा किती टिकला?

कुळागरवाला
आमच्याकडे पेट्रोमॅक्स होती. कंदील गरिबांचा.

बत्तीवाला
भांडा तुम्ही. पाहुण्या, उत्तर दे.

सत्तरीतला_पाहुणा
बरं. एकूण पाच आहेत. दोन नळ्यांवाले, हातात धरायचे. एक टेबलावरचा, उंच काचेचा, तळाला काही तरी पोर्तुगीज कोरलंय. आणि दोन चिमण्या, औषधाच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून वात घातलेल्या. लावला तो नळ्यांवाला. वात साधारण पाऊण इंच. ज्योत एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला बुटकी. एक माटोळीच्या (गणपतीवर बांधतात त्या फळापानांच्या छताच्या) शेजारी खिळ्याला टांगणार, बाकीचे चौकीत. आता तरी सांगा.

बत्तीवाला
माटोळीच्या शेजारी? नारळ, सुपारीचे घड, आंब्याचे टाळे, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत ते सगळं वाळलेलं. तिथे टांगायचा नाही, विषय संपला. कंदिलाच्या टोपीतून वर येणारी हवा हात धरवणार नाही इतकी तापते. भिंतीला आणि लाकडी वाशाला लागून नको. वरती निदान तीन फूट मोकळं हवं.

आता काजळी. ज्योत एकीकडे उंच म्हणजे वात वाकडी कापली आहे. कात्रीने सरळ काप, मग दोन्ही कोपरे अगदी नखाएवढे गोल कर. दुसरं, त्या दोन नळ्या शोभेच्या नाहीत. गार हवा त्यांतून खाली बर्नरला जाते. एक नळी तुंबली की ज्योत धापा टाकते आणि धूर सोडते. माळ्यावर पडलेल्या कंदिलात कुंभारमाशी हमखास घर करते. सायकलच्या चाकाची तार घालून बघ.

जुनें_घर
नळ्यांच्या कंदिलाची कल्पना अमेरिकेत जॉन अर्विनने काढली, १८६८-६९ च्या सुमारास. त्याच्या पहिल्या प्रकारात वरची जळकी हवाच परत खाली यायची. मग ताजी हवा खेचणारा प्रकार आला, तो जास्त उजेड द्यायचा. टेबलावरच्या दिव्यावर काय कोरलंय ते जसंच्या तसं लिहाल का? मला जुन्या वस्तूंचा नाद आहे.

पितळी_हांडा
टेबलावरचा विकायचा असेल तर मेसेज करा. बर्नर पितळेचा आहे का? काच मूळची आहे का?

नाइट_ड्यूटी
मी नर्स आहे. त्या दोन बाटलीच्या चिमण्या आजच फेकून द्या. बाकी कंदिलांचं काय ते नंतर बघा. चिमणी कलंडली की झाकण निघतं, रॉकेल सांडतं, पेटतं, आणि ते नेमकं पोराच्या कपड्यांवर. श्रीलंकेत डॉ. विजय गोडाकुंबुरा नावाचे सर्जन होते, भाजलेले पेशंट बघून बघून त्यांनी साधी बाटलीच बदलली. बुटकी, जाड काचेची जड बाटली, दोन बाजू सपाट म्हणजे आडवी झाली तरी गडगडत नाही, आणि आट्यांचं घट्ट बसणारं पत्र्याचं झाकण. कल्पना सुचली मार्माइटच्या (पावाला लावायच्या पदार्थाच्या) बुटक्या बरणीवरून. १९९८ मध्ये त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. एवढंच लक्षात घ्या: बुटकं, जड, न गडगडणारं, न सांडणारं. तुमच्या औषधाच्या बाटलीत यातलं एकही नाही.

आणि घरात पोरं आहेत तर रॉकेल पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. पोरांनी प्यायलं तर ओकायला लावायचं नाही, ते फुप्फुसात जातं. थेट हॉस्पिटल.

माडाची_सावली
आमच्याकडे चिमणीवर सगळा अभ्यास झाला. कुणी भाजलं नाही. संध्याकाळी काच रांगोळीने घासायची, कागदाने पुसायची, मग शुभंकरोति. ती काच पुसायला भावंडांत मारामारी व्हायची, कारण छोटा हात आत जायचा तो माझाच.

सत्तरीतला_पाहुणा
बत्तीवालादादा, पाय धरतो तुमचे. उजव्या नळीत तार घातली तर आत काही तरी कडक. खरवडलं तर मूठभर तांबडी माती बाहेर आली, आत वाळलेले कोळी एकावर एक रचलेले. आजी म्हणाली बिचारीचं घर मोडलंस. डावी मोकळी होती. वात सरळ कापली, कोपरे गोल केले. आता काजळी जवळपास नाही, ज्योत दोन्हीकडे सारखी. प्रश्न सुटला. बाटल्याही फेकल्या, नाइट ड्यूटी ताई.

फक्त तो ‘भप’ अजून अधूनमधून येतो. पंधरा मिनिटांनी टाकीला हात लावला तर चटकाच बसला. जुना आहे म्हणून असेल. जाळीचं सांगा आता.

बत्तीवाला
विझव. आत्ता विझव, मग पुढे वाच.

या प्रकारच्या कंदिलाची टाकी तासाभरानेही फार तर कोमट होते. चटका बसायलाच नको. पहिल्या दिवशी विचारलं होतं, भरतोस काय? त्याचं उत्तर तू दिलंच नाहीस.

सत्तरीतला_पाहुणा
रॉकेलच की. कंदिलात आणखी काय घालतात? कोपऱ्यात कॅन आहे, आजीने दाखवला. ती त्याला पेत्रोल म्हणते, पण रॉकेलच आहे ते. निळसर आहे, वासही रॉकेलचा. पूर्वीपासून म्हणते ती तसं.

जुनें_घर
थांबा. पोर्तुगीजमध्ये रॉकेलला पेत्रोलिउ म्हणतात. रॉकेलच्या दिव्याचं नावच ‘कांदिएइरु आ पेत्रोलिउ’. १९६१ च्या आधी, पोर्तुगीज राजवटीत, शाळेत गेलेली आमच्या घरातली मंडळी रॉकेलला पेत्रोलच म्हणायची. गाडीचं ते गासोलिना. म्हणजे आजीच्या तोंडी शब्द बरोबर आहे. पण तिने ‘पेत्रोल हाड रे पुता’ (पेत्रोल आण रे बाळा) असं आताच्या पोराला सांगितलं तर तो काय आणेल?

कुळागरवाला
अरे देवा.

सौरऊर्जा_हवी
म्हणूनच म्हणत होतो.

माडाची_सावली
सोपी परीक्षा आहे. कागदावर थेंब टाका, ज्योतीपासून लांब. पेट्रोल उडून जातं, रॉकेलचा तेलकट डाग राहतो.

बत्तीवाला
ताई, निव्वळ पेट्रोल असेल तर कळेल. अर्धंमुर्धं मिसळलेलं असेल तर डाग राहणारच, आणि हा म्हणेल रॉकेलच आहे. निळा रंग आणि वासही मिसळलं तरी राहतो. कागद ठेवा बाजूला. पाहुण्या, कॅन कुणी भरला ते विचार.

सत्तरीतला_पाहुणा
विचारलं. हात थरथरतायत, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

कॅनमध्ये जुनं रॉकेल दोनेक लिटर होतं. आजीने भाच्याला सांगितलं, पेत्रोल हाड. भाचा सोळा वर्षांचा. त्याने स्कूटरमधून नळीने लिटरभर काढून त्यातच ओतलं. ‘आजीनेच सांगितलं’ म्हणतो, आणि खरंच तिनेच सांगितलं होतं. काल रात्री मी तो कंदील हातात घेऊन माजघरातून फिरलो. पुढे माझी चार वर्षांची मुलगी.

बत्तीवाला
शांत हो. झालं नाही ना काही? आता ऐक.

रॉकेल साधारण ३५-४० अंशांच्या वर तापलं तरच पेटण्याजोगी वाफ सोडतं. पेट्रोल शून्याखाली ४० अंशांनाही सोडतं. रॉकेलमध्ये थोडं मिसळलं तरी वाफ पेट्रोलचीच निघते. टाकी तापली की ती वाफ बर्नरच्या फटीतून वर येते आणि पेटते. तोच तुझा ‘भप’. जाळीने त्याला काहीही झालं नसतं. उलट जाळी लावून तू निश्चिंत झाला असतास.

कॅन घराबाहेर, सावलीत, चुलीपासून आणि देवाच्या समईपासून लांब. गटारात किंवा विहिरीकडे ओतायचं नाही. गॅरेजवाल्याला सरळ खरं सांगून दे, त्यांना सुटे भाग धुवायला लागतं. कंदील पूर्ण गार झाल्यावर अंगणात टाकी रिकामी कर. स्वच्छ रॉकेलने दोनदा विसळ, तेही त्याच कॅनमध्ये. झाकण उघडं ठेवून दोन दिवस वाऱ्याला ठेव. वात फेक, तिच्यात मुरलंय ते.

नाइट_ड्यूटी
आणि चवथीला वाळूची बादली आणि ओलं गोणपाट कंदिलाजवळच असू दे. रॉकेल पेटलं तर पाणी मारायचं नाही, आग पाण्यावर तरंगत पसरते. कुणी भाजलंच तर मात्र पाणीच, साधं गार, वीस मिनिटं. टूथपेस्ट नाही, हळद नाही.

कुळागरवाला
रॉकेल नकोच असेल तर खोबरेल घाला की. घरचं असतं.

बत्तीवाला
खोबरेल दाट, एवढ्या उंच वातीत चढत नाही. समईत वात तेलात बुडलेली असते, इथे चार बोटं वर. ज्योत पाच मिनिटांत मरेल आणि वात जळेल. लॅम्प ऑइल म्हणून पॅराफिन मिळतं ते चालेल, रॉकेलपेक्षा उशिरा पेटतं, वासही कमी. महाग आहे.

पितळी_हांडा
टेबलावरच्या दिव्याचं काय ठरलं? शिवाय कुणाकडे पेट्रोमॅक्सचं जुनं मँटल आहे का?

सत्तरीतला_पाहुणा
परवाचं जाणं रद्द केलं. दोन दिवसांनी लिहितोय.

सांगितलं तसं सगळं केलं. दुसऱ्या कंदिलाच्या टाकीत आधी रॉकेल भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवला. सकाळी कागदावर रुपयाएवढा डाग. तळाच्या जोडाला टाचणीएवढं छिद्र. तो बाद, नुसता शोभेला. पहिल्यात तात्पुरती दुसऱ्याची वात घालून शेजाऱ्यांकडून आणलेलं रॉकेल पाऊण टाकी भरलं, तासभर अंगणात जळू दिला. ‘भप’ नाही. टाकीला तळहात लावून बसलो, कोमट. रात्री दार बंद करून झोपायच्या खोलीत ठेवायचा नाही हेही बायकोला कबूल केलं. मग तिने एका कंदिलाला परवानगी दिली, चौकीत, दगडी कट्ट्यावर. बाकी उजेडाला चार्जिंगचे दिवे आणले. सौरऊर्जावाले, हसू नका.

नव्या कॅनवर लाल ऑइलपेंटने ‘रॉकेल’ असं भलं मोठं लिहिलं. आजीने चष्मा लावून वाचलं आणि भाच्याला म्हणाली, त्या पेत्रोलाचें धांपण (झाकण) घट्ट लाय.

दिव्याच्या तळाला पुसट अक्षरं आहेत, फोटो नीट येत नाही. विकायचा नाही.

एकच राहिलं. पाऊण इंची वात वाळपईत मिळाली नाही. अर्धा इंची मिळाली. चालेल?

माडाची_सावली
परकराची सुती नाडी दुमडून घाला, छान चालते.

बत्तीवाला
नाडी नको, अर्धा इंचीही नको. वात नळीत कडेपर्यंत भरलेली हवी, फट राहिली की ज्योत त्या फटीतून टाकीकडे बघते. फोंड्याला किंवा म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात विचार. जाताना बर्नर काढून खिशात ने, दुकानात वात घालूनच बघ.