मदत हवी आहे: थंडीत दाटणारा, उष्णतेत फुटणारा मड

मंडळी, खोल समुद्रातल्या विहिरीसाठी पाण्यावर आधारित ड्रिलिंग मडचं (विहीर खोदताना आत फिरवायच्या द्रवाचं) मिश्रण बसवतोय. गॅस हायड्रेट (वायू आणि पाण्याचे बर्फासारखे खडे) टाळायला त्यात २० टक्के मीठ आहे. एवढ्या मिठात साधं सीएमसी (सेल्युलोजपासूनचं पॉलिमर) तग धरत नाही, म्हणून त्याचाच मीठ सोसणारा भाऊ, पॅक (पॉलिॲनिऑनिक सेल्युलोज) घेतलंय, सोबत दाटपणासाठी झँथन गम.

समुद्रतळाजवळ ४ अंश सेल्सिअसला मड इतका दाटतो की ईसीडी (मड फिरताना जाणवणारी प्रभावी घनता) वाढून फॉर्मेशन, म्हणजे भोवतालचा खडक, फुटायची धास्ती. उलट १५० अंशांवर १६ तास हॉट रोल करून (बंद सेलमध्ये गरम करत फिरवून) सेल उघडला, तर वर काळपट पाणी, तळाला बराइटचा (मडला वजन देणाऱ्या खनिजाचा) घट्ट थर. एपीआय फिल्ट्रेट (चाचणीत मडमधून गाळून निघणारं पाणी) ५ मिलीचं १४ वर गेलं, आणि गाळणीवर उरलेला केक बोटाला शेवाळासारखा बुळबुळीत लागतो.

पीएच ९.५ आहे, कॅल्शियम सोडा ॲशने आधीच काढलंय. पावडर घाईत ओतून माशाच्या डोळ्यांसारख्या गाठी करण्याचा पराक्रमही एकदा झालाय, पण या वेळी नाही.

झँथन कमी करून लो व्हिस्कॉसिटी पॅक वाढवू का? ऑक्सिजन स्कॅव्हेंजरने (विरघळलेला ऑक्सिजन काढणाऱ्या रसायनाने) पॅक या तापमानाला टिकेल, की सरळ सिंथेटिक पॉलिमरवर जावं? ज्यांनी हे प्रत्यक्ष हाताळलंय त्यांनी कृपया मात्रेसकट सांगा.