शब्दचर्चा: ‘कव्हरचं कव्हर’ मराठीत कसं म्हणाल?

तळेगावकर:
लेनर्ड कोहेनच्या ‘हॅलेलूया’ या गाण्यावरचा एक लेख मराठीत आणतोय. मूळ गाणं १९८४चं. १९९१मध्ये जॉन केलने ते नुसत्या पियानोवर गायलं, आणि केलचं ऐकून जेफ बकलीने १९९४मध्ये गिटारवर. लेखात एक वाक्य आहे, त्याचा आशय असा की बकलीने कव्हर केलं (म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या पद्धतीने गायलं) ते केलचं, कोहेनचं नव्हे. म्हणजे हे कव्हरचं कव्हर. संपादकांना ‘कव्हर’ शब्द नकोय. मी ‘पुनर्गायन’ लिहून बघितलं, तर चौथ्या ओळीत ‘पुनर्गायनाचे पुनर्गायन’ आलं आणि दातखीळ बसली. जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात हा शब्द आहे. सुचवा काहीतरी.

हेमाडपंथी:
पुनर्गायन नकोच. वन्स मोअर मिळाला आणि त्याच गायकाने पुन्हा गायलं, असा अर्थ होतो त्याचा. दुसऱ्याने गायलेलं म्हणून ‘अन्यगायन’. नवा शब्द आधी बोचतोच. सावरकरांनी ‘महापौर’ आणला तेव्हाही लोक हसलेच असतील.

जुनी_तबकडी:
अन्यगायन म्हणजे एखादा गुन्हा वाटतो. अहो, शब्द होता की आपल्याकडे: व्हर्जन! ऐंशीच्या दशकात कॅसेटच्या दुकानात पहिला प्रश्न हाच असायचा, “ओरिजिनल देऊ का व्हर्जन?” व्हर्जन स्वस्त पडायचं. आमच्या बाबांनी एसटी स्टँडवरून मुकेशची म्हणून कॅसेट आणली आणि घरी लावली तर भलताच कोणी नाकात गातोय. मुकेशचं नाव ठळक, ‘यांच्या आठवणीत’ हे शब्द भिंग लावून वाचावे असे. बाबा पुढे आयुष्यभर कुठल्याही फसवणुकीला ‘व्हर्जन’ म्हणायचे. आंबे आंबट निघाले तरी.

वकीलवाडी:
ती कॅसेट आज काढता आली नसती. कॉपीराइट कायद्यात २०१२मध्ये कलम ३१-सी आलं, त्यात ‘कव्हर व्हर्जन’ हाच शब्द आहे. गाणं पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झालं ते वर्ष संपल्यापासून पाच वर्षं थांबायचं, रॉयल्टी आगाऊ भरायची, वेष्टणावर आधीच्या गायकाचं नाव किंवा फोटो नाही. आणि हे कव्हर आहे असं कव्हरवर छापायचं.

निशिगंध:
म्हणजे शब्द पाकिटावरूनच आला ना? तबकडी तीच, कव्हर नवं. सरळ आहे.

फिरस्ता (न्यू जर्सी):
छान आहे, पण तसं नाही. एका कंपनीचं गाणं चालायला लागलं की दुसरी कंपनी आपल्या गायकाकडून तेच गाऊन घेऊन बाजार अडवायची, तो ‘कव्हर’. १९५५मध्ये फॅट्स डॉमिनोचं ‘एन्ट दॅट अ शेम’ गाजत असताना पॅट बूनचं आलं आणि लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. डॉमिनो काळा, बून गोरा. तेव्हा कव्हर म्हणजे झाकणंच होतं म्हणा ना. कलाकाराने आदराने दुसऱ्याचं गाणं गाणं हा अर्थ नंतर चिकटला.

हेमाडपंथी:
इतका मळका इतिहास असलेला शब्द आपण उचलायचाच कशाला? अन्यगायन निदान स्वच्छ आहे.

इंद्रायणीकाठ:
मी ‘पाठ’ सुचवतो. केलने कोहेनकडे शब्द मागितले, तेव्हा फॅक्सवर पंधरा पानं भरून कडवी आली, असं तो सांगतो. त्यातली त्याने आपली निवडली. १९८४च्या ध्वनिमुद्रणात नव्हती अशी कडवी केलमध्ये आहेत आणि बकलीने तीच घेतली. हा शुद्ध पाठभेद झाला. पोथ्यांच्या अभ्यासात आपण म्हणतोच, अमुक पाठ तमुक प्रतीवरून उतरवला. ‘बकलीचा पाठ कोहेनवरून नाही, केलवरून उतरलाय.’ बघा, वाक्य सुटलं.

हेमाडपंथी:
पाठ काढलात म्हणून आठवण देतो. शके १५०६मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि बजावून ठेवलं: ‘ज्ञानेश्वरीपाठीं जो ओंवी करील मऱ्हाटी, तेणें अमृताचे ताटीं जाण नरोटी ठेविली.’ नरोटी म्हणजे करवंटी. तुमचे केल नि बकली नरोटीवाले.

इंद्रायणीकाठ:
इथे जास्तीची कडवी खुद्द कोहेनचीच आहेत हो. ताटही त्याचं, नरोटीही त्याचीच.

निशिगंध:
पण नाम हवंच कशाला? आपल्याकडे षष्ठीवर भागतं. ‘वसंतरावांचं’, ‘आशाबाईंचं’. तसंच ‘केलचं’, ‘बकलीचं’.

फिरस्ता (न्यू जर्सी):
आणि ‘कोहेनचं’ म्हणजे? लिहिलेलं की गायलेलं?

निशिगंध:
गदिमांचं गीतरामायण म्हणा नाहीतर बाबूजींचं म्हणा, आजवर कोणी अडलंय?

जुनी_तबकडी:
अडलंय, मीच. १९५५-५६मध्ये पुणे आकाशवाणीवर त्यातली ५६ गाणी निरनिराळ्या गायकांनी म्हटली होती: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके. पुढे बाबूजी एकटे सगळी गायले आणि आज कानात तेच आहेत. मग बाबूजींनी आपल्याच चालींचं कव्हर केलं का? आमच्या आत्याने हा प्रश्न ऐकला आणि मला उपाशी ठेवायची धमकी दिली.

तळेगावकर:
गीतरामायण जरा बाजूला ठेवूया का? पुढचा परिच्छेद २००८चा आहे. ब्रिटनमध्ये नाताळच्या आठवड्यात गाण्यांच्या यादीत ‘हॅलेलूया’ तीनदा: अलेक्झांड्रा बर्कचं पहिलं, बकलीचं दुसरं, कोहेनचं ३६वं. इथे षष्ठी चालते. पण त्यानंतर ‘या कव्हर्सनी मूळ गाण्याला गिळलं’ असं आहे. इथे षष्ठी कुठे लावू?

जुनी_तबकडी:
बकली दुसरा? त्या गाण्याआधी तो जो श्वास सोडतो, तो माइकवर तसाच ठेवलाय. तेवढ्यासाठी पहिला नंबर द्यायला हवा होता.

फिरस्ता (न्यू जर्सी):
बकली फार कुरवाळतो शब्दांना, जवळजवळ सात मिनिटं. के. डी. लँग ऐका, २०१०च्या व्हँकूवर हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनातली. एवढं मोठं स्टेडियम, आणि बाई कुठे जोर करत नाही.

इंद्रायणीकाठ:
माझं मत केलला. पियानो कोरडा, गळा कोरडा, म्हणून शब्द पोचतात. कोहेनच्या मूळ ध्वनिमुद्रणात मागे कोरस आणि सिंथेसायझर इतका चढलाय की माणूस दिसेनासा होतो. अमेरिकेत कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने तो अल्बम काढायलाच नकार दिला होता, तो मात्र करंटेपणाच.

एक_नगरकर:
मधेच बोलतो. ‘हॅलेलूया’ का लिहिताय सगळे? मराठी बायबलात ‘हालेलूया’ आहे, आम्ही उपासनेत तसंच म्हणतो. आधी शीर्षक नीट करा, मग कव्हर.

हेमाडपंथी:
मुळात आपल्याकडे ‘पहिल्याने गायलेलं ते मूळ’ हे मानलंच कोणी? बंदिश कोणाचं कव्हर असते का? ‘कट्यार काळजात घुसली’त तर एकाच नाटकात ‘घेई छंद मकरंद’ दोनदा आहे. शब्द तेच, चाली दोन्ही अभिषेकीबुवांच्या, एक सालगवराळी रागात, एक धानीत. त्यातलं मूळ कुठलं आणि अन्यगायन कुठलं?

निशिगंध:
म्हणजे अन्यगायन तुम्हीच बाद केलंत!

हेमाडपंथी:
बाद नाही केलं. कट्यारीला लागत नाही एवढंच म्हणालो.

जुनी_तबकडी:
मूळबिळ माहीत नाही, पण धानीतलं वसंतरावांचं. यावर वाद नको.

इंद्रायणीकाठ:
का नको? सालगवराळीतलं एकदा रात्री उशिरा, दिवे घालवून ऐका. धानीतल्यावर टाळ्या पडतात, या चालीवर पडत नाहीत, आणि ती त्यासाठी बांधलेलीच नाही.

जुनी_तबकडी:
टाळ्या पडतात त्या तानांना नाही हो, खाँसाहेब ज्या मस्तीत ‘घेई’ म्हणतात त्याला पडतात. वेगळा धागा काढू का?

फिरस्ता (न्यू जर्सी):
काढा. आणि त्यात २०१५च्या चित्रपटातलंही घ्या, नाहीतर इथली पोरं मला विचारत बसतील.