प्रति: कुकरची शिट्टी

कुकरची शिट्टी ऐकून तोंडाला पाणी सुटतं त्याला तुम्ही ऑपरंट कंडिशनिंग (बक्षीस मिळतं म्हणून एखादी कृती करायची सवय लागणं) म्हणताय, पण ते क्लासिकल कंडिशनिंग (आवाज आणि जेवण अशी सांगड डोक्यात बसणं) झालं ना, तिथे आपण काही करतच नाही, लाळ आपोआप सुटते, रशियन शास्त्रज्ञ पावलोवच्या, जेवणाआधीचा आवाज ऐकूनच लाळ गाळणाऱ्या कुत्र्यांसारखी (त्याला १९०४ चं नोबेल मात्र पचनावरच्या कामासाठी मिळालं, ह्यासाठी नाही). ऑपरंट म्हणजे आमची मांजर. पहाटे पाचला माझ्या पायाचा अंगठा चावते, कारण एकदा मी वैतागून उठून दूध दिलं होतं, मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगातलं कबूतर चोच मारून दाणे मिळवायचं तसंच. आता रोज नाही देत, कधीतरीच देतो, आणि तिथेच माती खाल्ली, अधूनमधून बक्षीस मिळत राहिलं की सवय उलट जास्त चिवट होते राव.