वास्तू तथास्तु म्हणते म्हणून वाईटाचा विचारच करायचा नाही का?

सीवूड्सची_रेवा:
सोसायटीत फ्लॅटच्या नॉमिनेशनचे फॉर्म वाटले. शेजारच्या काकांनी हातही लावला नाही. "शुभ बोला, वास्तू तथास्तु म्हणत असते." मला चीड आली, कारण या आशावादाची किंमत मागे राहिलेले मोजतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, मृत्युपत्रही करा, हे सांगायची सोयच उरली नाही.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. १९८० मध्ये मानसशास्त्रज्ञ नील वाइनस्टीन यांनी अमेरिकी विद्यार्थ्यांना विचारलं, तर घटस्फोट, नोकरी जाणं, हार्ट अटॅक हे आपल्यापेक्षा इतरांच्याच वाट्याला येईल असा त्यांचा कल दिसला. १९९५ च्या हाइन-लेहमन अभ्यासात कॅनेडियन विद्यार्थ्यांपेक्षा जपानी विद्यार्थ्यांमध्ये हा भ्रम बराच कमी निघाला. म्हणजे ही सवय बदलू शकते.

कोपरीकर:
मन चिंती ते वैरी न चिंती. आईच्या केमोच्या वेळी डॉक्टरांनी आकडे सांगितले, तिने कानाआड केले. "दिवाळीला चकल्या मीच पाडणार." उलट्या थांबल्या की उठून भाजणीचा डबा बघायची. त्या आशेवरच ती लोकलने परळला जात राहिली. तुमचा वास्तववाद तिला अंथरुणाला खिळवून गेला असता.

घणसोली_अभि:
रेवाताई, त्या अभ्यासांवर आक्षेपही आहेत. शंभरात पाच जणांना होणारा आजार "मला होणार नाही" असं सगळेच म्हणाले, तर पंच्याण्णव जण बरोबरच ठरतात. हॅरिस आणि हान यांनी २०११ मध्ये हेच दाखवलं. आणि जपानी विद्यार्थ्यांवरून आपलं काय ठरवणार? आपल्याकडे पत्रिकेत साडेसाती बघतात आणि हेल्मेट हँडलला लटकवतात.

सीवूड्सची_रेवा:
आक्षेप मान्य, पण मृत्यू काही शंभरात पाच जणांना येत नाही.

कोपरीकर, काकूंना नमस्कार. पण त्यांची आशा आजार आल्यानंतरची. मी धडधाकट असतानाचं बोलतेय. काही माणसं वाईटात वाईट काय होईल याचा आधी विचार करूनच शांत होतात. ज्युली नोरेम यांच्या संशोधनात अशांना बळेच 'पॉझिटिव्ह' करायला गेलं, तर त्यांचं काम बिघडलेलं दिसतं. मी त्यातलीच. तहान लागल्यावर विहीर खणणं मला जमत नाही.

कोपरीकर:
आधी विचार करा, ना नाही. पण माझे वडीलही तुमच्यासारखेच, आणि आईसमोर दिवसभर चेहरा पाडून बसायचे. आजारी बाईच त्यांना धीर द्यायची! मेडिक्लेम, मृत्युपत्र, सगळं एका फायलीत घाला. फक्त ती फाईल आजारी माणसाच्या उशाशी उघडू नका.