रहाटाच्या उतरत्या गाडग्यावरून उडी कमी का जाते? (गोडो ४)

आगरकर_वाडीवाला

मंडळी, फावल्या वेळात गोडो ४ (गेम बनवायचं इंजिन) मध्ये एक टूडी प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत पुढे जायचा सपाट चित्रांचा गेम, करतोय. त्यातली एक पातळी अख्खी विहिरीत आहे. आमच्या आजोळी, अष्टागरातल्या वाडीत, रेड्याचा रहाट होता. पंप आल्यावर तो मोडीत निघाला, पण त्याची कुरकुर कानात आहे म्हणून गेममध्ये घेतला. गाडग्यांची माळ एका बाजूनं वर येते, दुसऱ्या बाजूनं खाली जाते. गेममधल्या पोरानं गाडग्यांवरून भिंतीतल्या कोनाड्यांत उड्या मारत काठापर्यंत यायचं.

गोडोच्या भाषेत गाडगं म्हणजे अ‍ॅनिमेटेबलबॉडीटूडी (ठरल्या वाटेनं सरकणारी वस्तू), पोरगा कॅरेक्टरबॉडीटूडी (खेळणारा चालवतो ते पात्र). स्क्रिप्ट गोडो स्वतः देतं तीच, उडीचा वेग ४००, धावण्याचा ३००, गुरुत्व ९८०. माळेचा वेग सेकंदाला १५० पिक्सेल.

जमिनीवरून उडी झकास. चढत्या गाडग्यावरून मारली तर गडी थेट आढ्याला. आणि उतरत्या गाडग्यावरून? नुसता टुणकन उडतो आणि परत तिथंच. बटण तेच, दाब तोच! भाच्याला खेळायला दिलं तर म्हणाला, "मामा, डावीकडची बटणं खराब आहेत." उभा राहिला की गाडग्याबरोबर नीट जातो, घसरत नाही, थरथरत नाही. मग उडीलाच काय होतंय? गुरुत्व दोनदा लागतंय का कुठे?

ढोबळमान

गुरुत्व एकदाच लागतंय. तुमचं इंजिन शाळेतलं भौतिकशास्त्र इमानेइतबारे पाळतंय, एवढंच.

गाडगं सोडताना त्याचा वेग पोराच्या वेगात मिळवला जातो. चढत्या बाजूला ४०० अधिक १५०, म्हणजे ५५०. उतरत्या बाजूला ४०० उणे १५०, म्हणजे २५०. उडीची उंची वेगाच्या वर्गावर ठरते (वेगाचा वर्ग भागिले दुप्पट गुरुत्व), म्हणून फरक एवढा डोळ्यांत येतो. जमिनीवरून साधारण ८२ पिक्सेल, चढत्यावरून १५४, उतरत्यावरून फक्त ३२. जवळजवळ पाचपट तफावत. भाच्याचं काही चुकलं नाही.

पोराच्या इन्स्पेक्टरमध्ये (गोडोतली गुणधर्मांची यादी) 'मूव्हिंग प्लॅटफॉर्म'खाली 'ऑन लीव्ह' असा पर्याय आहे. मुळात तो 'अ‍ॅड व्हेलॉसिटी' असतो. तो 'अ‍ॅड अपवर्ड व्हेलॉसिटी' करा. मग खाली जाणारा वेग सोडून दिला जातो आणि उतरत्या गाडग्यावरूनही पूर्ण ८२ मिळतात. हा पर्याय नेमका याच तक्रारीसाठी ठेवलेला आहे.

हे खोटं वाटेल, पण खेळणाऱ्याला खरं वाटतं. 'सेलेस्ट' (२०१८) या प्लॅटफॉर्मर गेममधल्या नायिकेचा कोड तिच्या निर्मात्यांनी सगळ्यांना वाचायला खुला ठेवलाय. त्यात सरकत्या ठोकळ्याकडून मिळणारा वेग खालच्या दिशेचा असेल तर सरळ शून्य धरलाय. वरच्या दिशेला १३० आणि आडव्याला २५० अशी कमाल मर्यादा आहे. म्हणजे ठोकळ्यानं मदत करायची, तीही मापात, आणि पाय कधीच ओढायचा नाही. तुम्हीही चढत्या बाजूला मर्यादा घाला, नाहीतर १५४ च्या उडीत पोरगा तुमचे दोन कोनाडे गाळून वर जाईल.

एक आणखी. माळ वरच्या चाकावरून वळते तिथे गाडगं आडवं सरकतं. तो आडवा वेग उडीत टिकणार नाही, कारण त्या तयार स्क्रिप्टमध्ये दर फ्रेमला आडवा वेग नव्यानं लिहिला जातो. बटण दाबलं असेल तर ३००, नसेल तर शून्य. मिळालेले १५० एका फ्रेमपुरते. हवेत असताना वेग हळूहळू बदलायला लावा.

जुनी_कॅसेट

मी वेगळं सांगतो. त्याच 'ऑन लीव्ह'मध्ये 'डू नथिंग' करा आणि विषय संपवा. गाडग्याचा वेग उडीत येऊच नये. सगळीकडून ८२ म्हणजे ८२. आपण लहानपणी ज्या पिवळ्या कॅसेटी फुंकून फुंकून लावायचो, त्या गेममधली मजाच ही होती की उडीचं माप बोटांत बसायचं.

आणि सरकत्या फळीचं कोडं वेगात नसतं, वेळेत असतं. १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये लिफ्टची पातळी आहे, एक रांग वर जाते, एक खाली. तिथे अवघड काय, तर कधी उतरायचं. पहिल्या 'सुपर मारिओ'मध्ये (१९८५) दोरीला टांगलेल्या दोन फळ्या आठवतात? एकीवर उभं राहिलं की ती खाली, दुसरी वर, आणि फार रेंगाळलात तर दोन्ही सुटून खड्ड्यात. इतकी साधी गोष्ट, पण घाम फुटायचा. तुमच्या रहाटात तसं काही आहे का? की नुसताच फिरतोय?

ढोबळमान

@जुनी_कॅसेट, 'डू नथिंग'नं चढत्या बाजूची गंमत जाते. वर येणाऱ्या फळीवरून नेमक्या क्षणी उडी मारून जास्त उंच जाणं, हे खेळणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. ते काढून घेतलं की फळी म्हणजे उशिरा येणारी जमीन.

नऊवारी_पिक्सेल

मी गेमसाठी चित्रं काढते, कोडमधलं फार कळत नाही. पण खरा रहाट पाहिलाय. चढत्या बाजूची गाडगी सुलटी आणि भरलेली असतात, उतरत्या बाजूची उपडी आणि रिकामी. म्हणजे एकीकडे पोरगा काठावर पाय देऊन उभा, दुसरीकडे बुडावर. हे चित्रात आणलंत तर कुठली बाजू वर जाणार हे स्थिर चित्रातही कळेल. चढत्या गाडग्यातून थोडं पाणी सांडू दे, वर पन्हळीत ओतल्याचा आवाज येऊ दे. आणि पहिलं गाडगं अशा जागी द्या की पोरगा काठावर निवांत उभा राहून माळ फिरताना बघू शकेल. आल्या आल्या उडी मारायला लावू नका.

रेडा कुठाय पण?

आगरकर_वाडीवाला

ढोबळमान, 'अपवर्ड' केलं आणि उतरती बाजू एकदम शहाणी झाली. चढत्या बाजूला १०० ची मर्यादा घातली, ५०० च्या वेगानं साधारण १२८ पिक्सेल जातो, एकच कोनाडा गाळता येतो. तो मुद्दाम ठेवतोय, सापडेल त्याला सापडेल.

ताई, उपडी गाडगी काढायला घेतली. रेडा वर काठावर आहे, पोरानं दावं ओढलं की थांबतो आणि माळही थांबते. जुनी_कॅसेट, हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

आता नवीन भानगड. चढत्या गाडग्यावर उभा राहिला आणि वर तुळई आली की पोरगा तुळईत रुततो. गाडगं थांबवू का?

ढोबळमान

थांबवू नका. एक गाडगं थांबलं तर माळ तुटेल. 'सेलेस्ट' आणि त्याच निर्मात्याचा आधीचा गेम 'टॉवरफॉल' यांचा नियम असा की ठोकळा कुणासाठी थांबत नाही. तो आधी वाटेतल्याला ढकलतो, आणि पलीकडे भिंत असेल तर 'चिरडला' अशी खबर देतो. पुढचं पात्रानं ठरवायचं. 'सेलेस्ट' मारण्याआधी नायिकेला काही पिक्सेल इकडेतिकडे सरकवून जागा मिळते का बघतं, नाहीच मिळाली तर खेळ खलास. तुम्ही पोराला पाण्यात पाडा, विहीर आहेच. आणि तुळई चाकापासून थोडी बाजूला घ्या, निम्म्या वेळा ही पाळी येणारच नाही.