मदत हवी आहे: एलईडी, पंखे बदलले तरी केव्हीएएच उतरेना

महापालिकेची चार मजली कचेरी, एचटी (उच्चदाब) जोडणी, बिल केव्हीएएचवर (प्रत्यक्ष वापराबरोबर पॉवर फॅक्टरचाही हिशेब धरणारं एकक). 75 वॅटच्या पंख्यांच्या जागी 30 वॅटचे बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचे), चोकच्या ट्यूबा जाऊन 20 वॅटच्या एलईडी. केडब्ल्यूएच (प्रत्यक्ष वापरलेली वीज) घटले, पण रात्री पॉवर फॅक्टर (केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच) लीडिंगला जातो, म्हणजे कपॅसिटर भारापेक्षा जास्त पडतात आणि केव्हीएएच फुगतात. कारण उघड आहे: एपीएफसी पॅनेलची (गरजेप्रमाणे कपॅसिटर आपोआप जोडणारं पॅनेल) सर्वांत छोटी पायरी 25 केव्हीएआर (कपॅसिटरच्या क्षमतेचं एकक), त्यात ट्रान्सफॉर्मरला कायम जोडलेला कपॅसिटर जुन्या भाराच्या हिशेबाचा. तो काढून 5 आणि 10 केव्हीएआरच्या पायऱ्या घालायच्या आहेत. स्वस्त ड्रायव्हरांचे (एलईडी-पंख्यांना वीज पुरवणारी सर्किटं) हार्मोनिक्स (करंटच्या लहरीतली विकृती) पाहता एवढ्याशा पायरीला 7 टक्के डीट्यून्ड रिअॅक्टर (हार्मोनिक्सपासून कपॅसिटर वाचवणारी कॉइल) लावावा का? निविदेत ड्रायव्हरची टीएचडी (एकूण हार्मोनिक विकृती) 10 टक्क्यांखाली मागितली, तर सर्वांत कमी दरवाला ठेकेदार (तोच तर खरा त्रास!) खरोखर तसा माल देतो का? तपासणीचं कलम कसं लिहिता?